जुळाऱ्याची भर

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. सामानाच्या गाडीवाल्याने वाटेत रस्ता चुकून आम्हाला सगळं गाव दाखवलं आणि वर स्वतःच खजील होऊन दोन खोकी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून दिली. म्हणजे शकुन चांगलाच म्हणायचा. घर कंपनीनेच दिलेलं आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, आणि न्हाणीघरात एक नळ, जो मनधरणी केल्याशिवाय पाणी सोडत नाही. ऊन येणारी खोली नानांनी आल्या आल्या बळकावली. माझ्या खिडकीतून कंपनीचं आवार दिसतं, त्यामुळे उशीर झाला तर सबब सांगायची सोय उरलेली नाही.

नाना म्हणजे माझे वडील. छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात हयात गेली आणि यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. आईच्या माघारी आम्ही दोघंच. आमचं संभाषण म्हणजे मी घसा ताणायचा, आणि नानांनी भलतंच ऐकून, त्यालाच उत्तर देऊन, वर माझीच थट्टा करायची. ही कंपनी कानाची मशीनं बनवते आणि नोकरमाणसांच्या घरच्यांना ती आपणहून देते. खरं सांगायचं तर निम्मी नोकरी मी त्यासाठीच धरली.

४ नोव्हेंबर

पहिला दिवस. काम मनाजोगतं आहे. परगावी असलेल्या धाकट्या भावाने फोनवर विचारलं की ताई, तू नेमकं करतेस काय. त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. कानाचं मशीन एवढंसं असतं की त्याचा प्रोग्रॅम त्याच्यावर बसून तयार करता येत नाही. तो मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायचा आणि त्या इवल्या मशीनला कळेल असा उतरवायचा. उतरवणारा तो क्रॉस-कंपायलर. स्वयंपाक आपल्या घरी, जेवणारे शेजारी. कंपायलर सुटे तुकडे करून देतो आणि ते तुकडे सांधून एकसंध प्रोग्रॅम करतो तो लिंकर. ही सगळी हत्यारं तपासून, त्यांची पॅकेजं बांधून, त्यांवर सही करून मी कारखान्याला द्यायची. सही कागदावरची नव्हे. एका पेनड्राइव्हमधली किल्ली आणि माझ्या डोक्यातला पासवर्ड मिळून ती होते. माझी सही नसेल तर कारखान्यातलं एकही यंत्र पॅकेजला हात लावत नाही.

माणसं मात्र अंगावर आल्यासारखी बोलतात. तपासणी विभागात एक बाई आहे, शेजारचं टेबल तिचंच. मी हसून नमस्कार केला तर तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या सात पिढ्या काढल्या. मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवलं. आमचे प्रमुख मऊ बोलतात, पण चार हात लांब उभे राहून. इथे झाडून सगळ्यांच्या कानात कंपनीचं मशीन आहे, ऐकू येणाऱ्यांच्यासुद्धा. आपल्या मालाचा अभिमान असावा. प्रमुखांनी मला विचारलं, तुमचे कान चांगले आहेत का. चांगले आहेत म्हटल्यावर ते हळहळले.

७ नोव्हेंबर

आज नानांना मशीन मिळालं. कंपनीच्या माणसाने कानात बसवून दिलं आणि नाना पहिल्यांदा दचकले ते स्वतःच्याच धोतराच्या सळसळीला. मग घरभर फिरले. नळ सोडून बघितला, वर्तमानपत्र चुरगळून बघितलं, खिडकी पुन्हा पुन्हा उघडली-मिटली. मी साध्या आवाजात हाक मारली, "नाना." त्यांनी मान वळवली आणि डोळ्यांना पंचा लावला.

जेवताना त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. लिंकर काय करतो ते सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे जुळारीच की तो. मग बापाचाच धंदा चालवतेस म्हण ना. इतकं हसलो की पाण्याचा पेला सांडला.

१२ नोव्हेंबर

सकाळी नानांना विचारलं, चहात साखर घालू का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातली चमची ठेवली आणि उठून खोलीत गेले. बरं वाटत नसेल असं समजून मी ऑफिसला गेले. संध्याकाळी अगदी परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले की यापुढे माझा चहा मीच करून घेईन, तू त्रास घेऊ नकोस.

वरच्या मजल्यावरच्या काकूंशी त्यांची गट्टी जमली आहे. काकूंच्याही कानात मशीन आहे. सुनेशी त्यांचं बोलणं नाही, मुलाशी नाही. नाना त्यांच्याकडे जातात हे एका परीने बरंच, दिवसभर एकटे किती बसणार.

१५ नोव्हेंबर

ऑफिसात एक चमत्कारिक गोष्ट सापडली. लिंकर तुकडे जोडतो तेव्हा कुठला तुकडा कुठे ठेवला त्याचा नकाशा छापून देतो. घराच्या नकाशासारखाच. मी चाचणीसाठी दोन ओळींचा प्रोग्रॅम केला, ज्याने काहीच करायचं नाही. नकाशात दोन खोल्यांच्या मध्ये एक जागा सुटलेली दिसली. नाव नाही, गाव नाही. आत बघितलं तर रिकामी नाही, काहीतरी भरलेलं आहे. मी लिहिलेलं नाही, कंपायलरने दिलेलं नाही. मग दुसरे प्रोग्रॅम बघितले. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तीच जागा, तेवढीच, तशीच भरलेली.

टाचणीला विचारलं, हे काय असतं तुम्हाला माहीत आहे का. ती म्हणाली की विचारायचं असेल तर सरळ विचारा, आईवरून शिव्या कशाला देता. आजूबाजूच्या कोणी मान वर केली नाही. एक जण मात्र तिला म्हणाला, मलाही तेच ऐकू आलं.

१८ नोव्हेंबर

नाना आज बोलले. मी म्हटलं, वारं गार सुटलंय, खिडकी लावू का. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "रोज रोज मर मर म्हणण्यापेक्षा एकदाच काय ते कर."

मी त्यांच्या पायाशी बसले, शपथा घेतल्या. त्यांनी शांतपणे मी काय काय म्हणाले ते सांगितलं. चहाच्या वेळी मी म्हणाले होते की हे लोढणं गळ्यात नसतं तर माझं लग्न झालं असतं. परवा मी म्हणाले होते की आईऐवजी तुम्ही जायला हवं होतं. वाक्यं माझी नव्हती, पण धाटणी माझी होती. बोलताना मधेच "बघा बरं" म्हणायची माझी सवय, तीसुद्धा होती. नाना माझी नक्कल करत नव्हते. जसं कानावर पडलं तसं सांगत होते.



१९ नोव्हेंबर

खात्री करून घेतली. नानांच्या समोर बसले आणि सावकाश, स्पष्ट तीन शब्द उच्चारले. टेबल. खुर्ची. पायपुसणं. मग विचारलं, मी काय म्हटलं. नानांचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाले, बापाने ते तोंडाने उच्चारू नये.

मशीन काढून पुन्हा करू या म्हटलं तर त्यांनी कानावर हात घट्ट धरला. काकूंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की घरचे मशीन काढायला लावतील, काढू नका.

२२ नोव्हेंबर

तीन दिवस लिंकरचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला त्याचा मूळ मजकूर, वाचतेय. ओळ न् ओळ. त्यात एक अक्षर वावगं नाही. स्वच्छ सोर्सवरून नवा लिंकर बांधला, त्याने प्रोग्रॅम जोडला, आणि नकाशात ती जागा पुन्हा तिथेच.

उशिरा डोक्यात प्रकाश पडला. नवा लिंकर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच. त्याचे तुकडे जोडतो कोण, तर जुना लिंकर. त्याला जोडलं त्याच्या आधीच्याने. प्रत्येक जुळारी पुढच्याच्या पोटात ती भर घालून ठेवतो. पहिल्याच्या पोटात ती कोणी घातली, याची कारखान्यात कुठेच नोंद नाही.

आणि एक गोष्ट मला कळत नाही. ती जागा फार लहान आहे. एवढ्यात एखादा माणूस ओळखून त्याच्या आवाजात, त्याच्या सवयींसकट बोलणारं काही मावणार नाही. दोन-तीन सूचना जेमतेम बसतील. दार उघड, आत ये, एवढंच मावेल.

२३ नोव्हेंबर

प्रमुखांच्या खोलीत गेले. नकाशा समोर ठेवून सगळं मांडलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवून ऐकून घेतलं. मध्येच त्यांच्या ओठांची कड थरथरली, तेव्हा मला कळलं की त्यांच्या कानात मी भलतंच बोलते आहे. मग मी गप्प झाले, आणि ते बोलले.

म्हणाले की ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. "मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. मशीन खालचं वर आणतं." इथे कोणी कोणाला गोड बोलून फसवू शकत नाही, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या बायकोने पंचवीस वर्षं प्रेमाचं सोंग आणलं, ते एका दुपारी उघडं पडलं. तपासणीतल्या बाईंना स्वतःचा मुलगा काय लायकीचा आहे ते कळलं.

मग कामाचं बोलले. महिनाअखेर मोठी मागणी जाणार आहे, बहिऱ्या मुलांच्या शाळांसाठी. सगळ्यांत लहान मूल दोन वर्षांचं. पॅकेजवर माझी सही हवी. माझ्याआधी जो होता त्याने सही द्यायला नकार दिला होता. मी विचारलं, तो कुठे आहे. प्रमुख म्हणाले, त्याच्या बायकोला मशीन दिलं होतं, तिने तो प्रश्न सोडवला.

हे सांगताना ते पहिल्यांदाच माझ्याजवळ आले आणि माझ्या हातात थंड बोटं दिली. नानांना बरं वाटतंय ना, असं विचारलं.

२५ नोव्हेंबर

माझ्या जुन्या लॅपटॉपवर कॉलेजच्या काळातला एक कंपायलर आहे, त्याच्यासोबतचा लिंकरही. या कारखान्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. त्या जोडीने स्वच्छ लिंकर बांधला. नकाशा छापला. जागा नाही! भिंतीला भिंत लागून. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

नाना अंघोळीला मशीन काढून ठेवतात. तेवढ्यात त्यात या लिंकरने जोडलेला प्रोग्रॅम भरला. ते बाहेर आले, मशीन घातलं. मी म्हटलं, "नाना, पाणी गरम होतं ना?" ते थबकले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, हो, होतं की.

दुपारभर आम्ही गॅलरीत बसलो. छापखान्यातले किस्से झाले. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव कसं पडलं, तो किस्सा मी शंभरदा ऐकला आहे. आज एकशे एकाव्यांदा पोट धरून हसले.

२६ नोव्हेंबर

सकाळपासून मी काही बोलले की नाना डोळे बारीक करून ऐकतात. मी मुद्दाम मऊ बोलते, त्याने ते जास्तच आक्रसतात. अखेर म्हणाले, इतके दिवस निदान खरं तरी बोलत होतीस.

मी त्यांना सगळं समजावलं. लिंकर, जागा, शाळेतली मुलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे माझ्या कानात तू काहीतरी घातलंस, मला न विचारता?

घातलं होतंच.

संध्याकाळी ते काकूंबरोबर कंपनीत गेले. परत आले तेव्हा मी दार उघडलं आणि "आलात?" एवढंच म्हटलं. त्यांनी अंग चोरलं. मशीनमध्ये पुन्हा जुनं भरून आणलं होतं.

२७ नोव्हेंबर

आम्ही जातोय. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, नानांनी सगळं सांगितलंय, तू त्यांना उपाशी ठेवतेस. मी मशीनचं सांगायला लागले. त्याने फोन ठेवला.

तरी टॅक्सी बोलावली. नाना गुपचूप खाली आले, मला वाटलं तयार झाले. टॅक्सीवाल्याला त्यांनी हात जोडून सांगितलं की ही माझी मुलगी नाही, मला कुठे नेते आहे बघा. टॅक्सीवाल्याने बॅगा उतरवून फुटपाथवर ठेवल्या. पायऱ्यांवर काकू उभ्या होत्या. त्यांच्यामागे आणखी बरेच म्हातारे. सगळ्यांच्या कानात.

मी एकटी बसून जाऊ शकले असते. बॅग उचलली आणि नानांच्या मागे जिना चढले.

२८ नोव्हेंबर

ऑफिसातून एक मशीन उचलून आणलं. नाना काय ऐकतात ते मला ऐकायचं होतं.

गॅलरीत उभी राहून कानात घातलं. खाली मुलं चेंडू खेळत होती. सुरुवातीला चेंडूचा आवाज. मग त्यांचे आवाज — माझ्याबद्दल. माझ्या अंगाबद्दल, माझ्या वयाबद्दल. आठ-दहा वर्षांची मुलं. मला माहीत आहे की हे खोटं आहे. ती जागा नकाशात कितव्या ओळीवर आहे तेही तोंडपाठ आहे. तरी त्यांनी वर बघून हात हलवला तेव्हा मी मागे सरकले.

आत आले. नाना समोर. दोन बोटं डोळ्यांशी नेत काहीतरी म्हणाले. डोळ्यांना दिसत होतं की ते चष्मा मागताहेत. कानाला ऐकू येत होतं —

लिहीत नाही. चष्मा त्यांच्या हातात दिला. मी पाठ फिरवली. त्यांना वाटलं की रागाने फिरवली.

२९ नोव्हेंबर

मशीन पुन्हा घातलं. आज दोनदा. काढलं की वाटतं, नाना भिंतीपलीकडे काय बोलत असतील. घातलं की कळतं. काढलं की —

नानांनी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वर काकूंकडे नेऊन ठेवल्या. मी त्यांना काही करीन या भीतीने. की मी स्वतःचं काही करून घेऊ नये म्हणून? दोन्हीतलं खरं कुठलं ते आता ऐकून ठरवता येत नाही.

उद्या सही.

३० नोव्हेंबर, सकाळ

फोडला. पेनड्राइव्ह. उंबऱ्यावर ठेवून हातोडीने. पार भुगा. लॅपटॉपही, तो त्यांच्या हाती पडू नये म्हणून. एक पॅकेज जाणार नाही. दोन वर्षांचं ते मूल आईचा आवाज ऐकेल तेव्हा आईचाच ऐकेल, नाहीतर ऐकणार नाही.

प्रमुखांना कळवलं. ते एवढंच म्हणाले की किल्ली नवी करता येते. तुम्ही आणि तुमचा पासवर्ड असला की झालं.

दुपार

आलेत. नानांनीच दार उघडलं. प्रमुख, टाचणी, काकू. जिन्यावर आणखी. मी माझ्या खोलीत. पलंग दाराला लावलाय. खाली आवारातही माणसं उभी आहेत, वर बघत.

मशीन कानात आहे. कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. प्रमुख काही बोलत नाहीत. नाना बोलताहेत. म्हणताहेत — दार फोडा. तोंड आणि हात तेवढा शाबूत ठेवा, बाकीचं मला नको.

हे खोटं आहे. जुळाऱ्याची भर. नाना म्हणत असतील, पोरी, दार उघड, काहीतरी खाऊन घे. तेच म्हणत असतील.

पलंग सरकतोय.

मशीन काढते. मरायचंच तर नानांचा खरा आवाज ऐकून. त्यांच्या तोंडचा, मधला काही नको —

काढलं. समोर टेबलावर ठेवलंय. कान मोकळे. वारा. जिन्यावरची पावलं. नानांचा खोकला, तोच, लहानपणापासूनचा. आता बोलताहेत. अगदी दाराशी. सावकाश, स्पष्ट, मला ऐकू जावं म्हणून —

दार फोडा. तोंड आणि हात तेवढा